घरच्या आहेराचा नियम

"चूक नसलेला काटा मी आजवर पाहिलेला नाही; आणि कुणी दाखवलाच, तर आधी दाखवणाऱ्याला तपासावं लागेल."

हे वाक्य दादांनी एकदा भर बाजारात एका किराणा दुकानदाराला ऐकवलं होतं. दुकानदार बिचारा नवा वजनकाटा पुढे सरकवत हौसेने एवढंच म्हणाला होता, "साहेब, एकदम बिनचूक आहे, बनवणाऱ्याने लिहून दिलंय." दादांनी त्या काट्यावर सव्वा तास घालवला. शेवटी दोन ग्रॅमची चूक सापडली, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. दोन ग्रॅम चालत होते, कायद्यात तेवढी मुभा होती. शून्यावर मात्र त्यांचा विश्वास नव्हता.

दादा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. बाजार त्यांना काटेसाहेब म्हणे. ते गल्लीच्या तोंडाशी दिसले की बातमी त्यांच्या आधी शेवटच्या दुकानापर्यंत पोचलेली असे, आणि ते येईपर्यंत सगळी तराजवं पुसलेली, सगळे चेहरे प्रामाणिक झालेले असत. त्यांच्या हातात लाकडी पेटी असे, आत मखमलीच्या खळग्यांत पितळी वजनं. त्या वजनांना त्यांनी कधी बोट लावलं नाही. चिमट्याने उचलायचं, चिमट्याने ठेवायचं. बोटाचा घाम वजनाला चिकटतो आणि वर्षानुवर्षांत वजन खोटं बोलायला लागतं, असं ते सांगत. माणसांनाही ते याच काळजीने वागवत, म्हणजे सहसा हात लावत नसत.

त्यांच्या भावजयीला या सगळ्याचं आधी कौतुक होतं, मग भीती वाटू लागली, आणि पुढे त्या भीतीचीच सवय झाली. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांच्या नाकावर भिंगं बदलत ती विचारायची, "आता दिसतं? आणि आता?" तिच्या मते दादांना लांबचं फार स्वच्छ दिसायचं. जवळचं दिसण्यासाठी जे भिंग लागतं ते तिच्या दुकानात नव्हतं.

तिचा नवरा, म्हणजे दादांचा धाकटा भाऊ, खिळे, बिजागऱ्या, कड्या-कोयंडे विकायचा. दुकान घराच्या खालीच. वरच्या मजल्यावर हे दोघं, आणि मागच्या खोलीत दादा. दादांनी लग्न केलं नव्हतं. विचारलं की म्हणत, "राहून गेलं," जणू एखाद्या काट्यावर शिक्का मारायचा राहिला असावा.

सहा वर्षांपूर्वी खात्याच्या यादीत घराच्याच गल्लीचा नंबर आला. दादांनी दुसऱ्या निरीक्षकाला पाठवलं असतं तरी चाललं असतं. पण मग आपण भावाला टाळलं असं झालं असतं. म्हणून ते स्वतः पेटी घेऊन जिना उतरले, गल्लीला वळसा घालून पुढच्या दाराने दुकानात आले आणि सख्ख्या भावाला म्हणाले, "काटा दाखवा."

धाकट्याने हसत दाखवला. दादांनी एक किलोचं वजन ठेवलं. काट्याने नऊशे शहाऐंशी ग्रॅम दाखवले. पुन्हा ठेवलं, पुन्हा तेच. म्हणजे धाकटा एक किलो खिळे मोजायचा तेव्हा गिऱ्हाइकाच्या पिशवीत एक किलो चौदा ग्रॅम जायचे. चूक गिऱ्हाइकाच्या फायद्याची होती. पण मुभेच्या पलीकडे होती, आणि मुभेला बाजू नसते.

दादांनी काटा सील केला. शटरवर नोटीस चिकटवली, चारही कोपरे बोटाने दाबून. तीन दिवस दुकान बंद राहिलं. नोटिशीवर फक्त 'वजनात तफावत' एवढंच लिहिलेलं होतं. तफावत कोणत्या बाजूची ते लिहायला त्या छापील कागदावर जागाच नव्हती. लोकांनी ती जागा आपल्या परीने भरली. "सख्ख्या भावाने धरला म्हणजे बघा किती मारत असेल," असं समोरचा शिंपीसुद्धा म्हणाला, ज्याच्या कैचीला बिजागरीचा स्क्रू धाकट्याने फुकट बसवून दिला होता.

त्या रात्री भावजयीने नवऱ्याला विचारलं होतं, "काटा जास्त देतो हे तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग नीट का नाही केलास?"

"चार खिळे जास्त गेले तर कुणाचं काय बिघडतं? कमी गेले तर कुणाचं तरी फळकुट निखळतं," धाकटा म्हणाला आणि कूस बदलून झोपला. दादांविषयी तो चांगलं-वाईट काहीच बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवड्याने दादांनी रस्त्यापलीकडे भाड्याची खोली घेतली, आणि दोघा भावांमधलं बोलणं जे थांबलं ते थांबलंच. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. इथे मिटवायला काही नव्हतंच. एकाने नियम पाळला होता आणि दुसऱ्याने तक्रार केली नव्हती.

मग भावजयीने एक खेळ घरात आणला.

खरं तर तो शेजारच्या लिफ्टवाल्याचा. हा मनुष्य लिफ्टा दुरुस्त करायचा, आणि आयुष्याचा बराच वेळ दोन मजल्यांच्या मधे काढल्यामुळे त्याला खालचंही गांभीर्याने घेता येत नसे, वरचंही. त्याच्याकडे नियमांची पुस्तकं आणि पिशवीभर फासे होते. खेळ असा : एकजण गोष्ट सांगतो, म्हणजे समोर दरी आहे, दरीवर पूल आहे, पुलावर राक्षस उभा आहे. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात आणि आपण काय करतो ते सांगतात. जमलं की फसलं ते फासा ठरवतो. भावजय गोष्ट सांगू लागली. लिफ्टवाला जादूगार झाला. धाकटा तिरंदाज. आणि मग ती रस्ता ओलांडून दादांकडे गेली आणि म्हणाली, "आम्हाला एक माणूस कमी पडतोय, दादा."

दादा आले, पण आधी फासे तपासायला. त्यांनी वाडग्यात पाणी घेऊन त्यात मूठमूठ मीठ विरघळवलं, फासे तरंगायला लागले तसं एकेकाला टिचकी मारली. एक फासा दर वेळी एकच आकडा वर आणत होता, म्हणजे एका बाजूला जड होता. दादांनी तो लिफाफ्यात घालून, लिफाफा चिकटवून, वर तारीख घालून लिफ्टवाल्याच्या हातात दिला.

"याचं काय करू, साहेब?"

"वापरू नका."

"आणि वापरला तर माझ्यावर पण नोटीस?"

दादा हसले नाहीत. पण बसले. ते ढालाईत झाले, सर्वांत पुढे ढाल घेऊन उभा राहणारा. दुसरं काही होण्यापर्यंत त्यांची कल्पनाच पोचत नव्हती.

तेव्हापासून सहा वर्षं, दर रविवारी दुपारी, जेवणाच्या टेबलावर दोघे भाऊ बोलत होते. म्हणजे ढालाईत आणि तिरंदाज बोलत होते. "अरे तिरंदाजा, डोळे फुटले का, डावीकडे बघ." "तू बाजूला हो रे ढालाईता, तुझ्या पाठीशिवाय मला काही दिसत नाही." एकमेकांना शिव्या देत, जखमांना पट्ट्या बांधत, एकदा तर तिरंदाजाने ढालाईताला तीन दिवस वाळवंटातून खांद्यावर वाहून आणलं. खेळ संपला, फासे पिशवीत गेले, की दोघंही मुके. हळूहळू घरातल्या बातम्यासुद्धा खेळातूनच जाऊ लागल्या. "ढालाईताच्या कानावर आलंय की तिरंदाजाला ताप होता," दादा समोरच्या मिठाच्या डबीकडे बघत म्हणायचे. "तिरंदाज बरा आहे," धाकटा म्हणायचा. "ढालाईताने गुडघ्याचं दाखवलं का कुणाला?" लिफ्टवाल्याला सुरुवातीला हसू फुटायचं, मग तोही सवयीने मान हलवू लागला.

भावजयीला एवढं पुरे होतं. ती पुठ्ठ्याच्या आडोशामागे आपले फासे टाकायची, आणि दोघांपैकी कुणाचा जीव जायची वेळ आली की राक्षसाचा आकडा गुपचूप कमी करून सांगायची. सहा वर्षं ती खोटं मोजत होती. घरातल्या निरीक्षकाला ते कळलं नव्हतं, किंवा कळूनही त्याने पहिल्यांदाच एक काटा तसाच सोडला होता. यातलं खरं काय ते तिला ठरवता आलं नाही.

एका रविवारी दादा वही घेऊन आले.

"एक गोष्ट खटकते," ते म्हणाले. "मी राक्षसाशी अंगाला अंग लावून लढतो. तिरंदाज पाठीमागून बाण मारतो. बाण राक्षसाला लागतो, नाहीतर चुकतो. चुकलेला बाण जातो कुठे?"

"जातो कुठेतरी," भावजय म्हणाली.

"कुठेतरी म्हणजे जागा नाही. मधे मी आहे. सहा वर्षांत मला एकही बाण लागला नाही. हे खोटं आहे."

"साहेब, मी तोंडातून आगीचे लोळ काढतो ते चालतं तुम्हाला," लिफ्टवाला म्हणाला.

"आगीचं मला माहीत नाही. फेकलेल्या वस्तूचं माहीत आहे."

धाकटा आपली पेन्सिल तासत होता. "तिरंदाजाला असला नियम नको," तो पेन्सिलीला म्हणाला. "ढालाईत आपला माणूस आहे."

"म्हणूनच हवा," दादा म्हणाले. "शत्रूला लागतो त्याचा नियम आहे. आपल्या माणसाला लागतो त्याचाच नाही."

"घरच्या आहेराचा नियम," लिफ्टवाला बोलून गेला. आपण कुठे बोट ठेवलं ते त्याच्या लक्षात आलं तसा तो शेंगदाणे खाऊ लागला. पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

नंतर स्वयंपाकघरात भावजयीने दादांना गाठलं. "दादा, खरं सांगा. तुम्हाला तो बाण लागायला हवाय का?"

"मला कशाला हवाय? पण लागूच शकत नाही, हे कसं चालेल?" त्यांनी कप विसळला, पालथा घातला. "सहा वर्षं मागे उभा आहे तो. एकदाही हात चुकत नाही म्हणजे काय?"

तिला वाटलं, हा माणूस सहा वर्षं पाठ देऊन उभा आहे. एक फटका येणं आहे असं याने आपल्यापुरतं मोजून ठेवलंय, आणि तो येत नाही म्हणून याला झोप नाही. पण हे बोलून दाखवलं असतं तर त्यांनी पुरावा मागितला असता. ती म्हणाली, "ठीक आहे. पण आकडा कुठून आणायचा? तीनात एक की दहात एक?"

दादांच्या डोळ्यांत तीच चमक आली जी दोन ग्रॅम सापडल्यावर यायची. "मोजू," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी चौघं गच्चीवर गेली. राक्षस म्हणून एक जुनी गादी गुंडाळून स्टुलावर उभी बांधली आणि वर बादली पालथी घातली. आपल्या माणसाने गादीला कवटाळून तिच्याभोवती फिरत राहायचं, झोंबी चालू असल्यासारखं. पंधरा पावलांवरून दुसऱ्याने टेनिसचे चेंडू मारायचे, गादीला नेम धरून. प्रत्येकी साठ चेंडू. दादांनी फरशीवर खडूने रेघा मारल्या, वारा किती आहे ते रुमाल लटकवून पाहिलं आणि वहीत लिहिलं, 'नाही.'

आधी दादा स्वतः गादीला बिलगले. खात्यातले निरीक्षक, चष्मा खिशात, एका गादीच्या गळ्यात पडून गोल गोल फिरताहेत, हे पाहायला बाजार असता तर पुढची दहा वर्षं कुणी त्यांना घाबरलं नसतं. लिफ्टवाल्याने साठ मारले. एकतीस गादीला, दहा दादांना, बाकीचे भिंतीला. भावजयीचे चोवीस गादीला, अकरा दादांना. "चुकलेल्या तिनांतला एक आपल्या माणसाला," दादा पाठ चोळत म्हणाले. ते खुश होते.

मग धाकटा आला. त्याने चेंडू हातात घेतला, बराच वेळ दाबून पाहिला आणि मारला. चेंडू गादीच्या चार हात डावीकडून गेला. दुसरा पाच हात. काही शेजारच्या गच्चीवर पडले, तिथली बाई एकेक परत टाकत राहिली आणि शेवटी आत निघून गेली. साठ झाले. गादीला चार. दादांना शून्य.

नंतर अदलाबदल झाली. धाकटा गादीला बिलगला आणि दादा रेघेवर उभे राहिले. दादांचा हात सरळ होता. अडतीस गादीला लागले, सगळ्यांत जास्त. नऊ भावाला लागले, त्यातला एक कानशिलावर. तो आवाज जरा वेगळा आला. धाकटा फिरायचा थांबला, कान चोळला, पुन्हा फिरू लागला.

"साहेब," लिफ्टवाला हळूच म्हणाला, "ढालाईताने काहीतरी विचारावं तिरंदाजाला."

"इथे ढालाईत नाही," दादा म्हणाले. "ही चाचणी आहे." आणि पुढचा चेंडू घेतला, पण तो घ्यायला वाकले ते जरा जास्तच वेळ वाकून राहिले.

साठ पुरे झाल्यावर त्यांनी वही उघडली, आणि धाकट्याच्या नावापुढच्या शून्यावर त्यांचं बोट थांबलं.

"हे होऊ शकत नाही. त्याला विचार," ते भावजयीला म्हणाले, "नेम कशावर धरला होता."

धाकटा दोन पावलांवर उभा होता. "सांग त्याला, गादीवर."

"सांग, छप्पन्न चेंडू चुकले."

"सांग, माझा नेम वाईट आहे."

"नेम वाईट असेल त्याचा चेंडू कुठेही जातो. डावीकडे जातो, उजवीकडे जातो, मधेही जातो. याचे सगळे माझ्यापासून लांब गेले." दादांचा आवाज शांत होता, बाजारात असतो तसा. "ही चूक नाही. हा कल आहे. चुकीला मुभा देता येते. कललेला काटा बाद करावा लागतो."

"दादा," भावजय म्हणाली, "दुकानातला काटाही याच बाजूला कललेला होता. दुसऱ्याला लागू नये, या बाजूला."

गच्चीवर खरंच वारा नव्हता. दादांनी तिच्याकडे पाहिलं, मग वहीकडे. त्या माणसाच्या चेहऱ्यावर इतकं काही चाललेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. भिंग बदलताना लोकांचे डोळे असे होतात, दिसतंय की नाही हे सांगता न येणारे. मग त्यांनी शून्याभोवती गोल केला आणि पुढे लिहिलं, 'बाद.'

धाकट्याने चेंडू बादलीत गोळा केले. "नियम घे त्याचा," तो बायकोला म्हणाला. "सगळ्यांना सारखा. मला चालेल."

तर नियम ठरला. बाण चुकला की सहाचा फासा टाकायचा. एक किंवा दोन आले तर बाण आपल्या माणसाला. आणखी एक अट दादांनी घातली : असे फासे आडोशामागे पडणार नाहीत. टेबलाच्या मधोमध, स्टीलच्या ताटलीत, सगळ्यांसमोर पडतील. ते हे म्हणाले तेव्हा त्यांनी भावजयीकडे पाहिलं नाही, त्यावरून तिला कळलं की त्यांना सहा वर्षं सगळं माहीत होतं.

चार रविवार काही झालं नाही. तिरंदाजाने चारही रविवार काही ना काही कारण काढून बाण मारलाच नाही. कधी धनुष्याची दोरी ओली, कधी तलवारीनेच लढावंसं वाटलं. "तिरंदाजाला नोकरीवरून काढा," लिफ्टवाला म्हणाला. ढालाईतही आता मुका असे, आणि बातम्या थांबल्या. पाचव्या रविवारच्या आधी भावजय दुकानात गिऱ्हाइकाला "आता दिसतं?" असं विचारून उत्तराकडे लक्ष न देता उभी राहिली. तिला दिसत होतं की हे असंच चाललं तर महिन्याभरात एका रविवारी दादांचं डोकं दुखेल, पुढच्या रविवारी धाकट्याला दुकानात काम निघेल, आणि टेबलावर ती आणि लिफ्टवाला उरतील. एका घरात आणि रस्त्यापलीकडच्या एका खोलीत दोन माणसं मरेपर्यंत गप्प राहतील, दोघांचंही काही चुकलेलं नसताना.

त्या रविवारी गोष्ट पुलावर आली. तिने मुद्दाम आणली की ती आपोआप आली, ते नंतर तिला सांगता येईना. राक्षसाने ढालाईताला गळ्याला धरून पुलाच्या कठड्यावर उचललं होतं. ढाल खाली दरीत. जादूगार बेशुद्ध, म्हणजे लिफ्टवाला खुर्चीत मागे रेलून निवांत. ढालाईताच्या कागदावर जीव उरला होता तीन. राक्षसाच्याही अंगात फारसं त्राण नव्हतं. एक बाण बसला असता तर संपला असता.

"आता तिरंदाज," भावजय म्हणाली. "तू वीस पावलांवर आहेस. काही केलं नाहीस तर राक्षस त्याला खाली टाकेल."

"तलवार?"

"पोचणार नाहीस."

"बाजूने मारता येईल? जरा डावीकडून?"

"येईल. पण मग राक्षसालाही लागणार नाही, आणि ढालाईत दरीत जाईल."

धाकट्याने फासा उचलला, ठेवला. कपाळावरचा घाम बाहीने पुसला. दुपारच्या उजेडात टेबलावरची ताटली डोळ्यांत जात होती. खाली रस्त्यावर कुणीतरी लोखंडी सळ्या उतरवत होतं, एकेक सळी वाजत होती.

"मार, तिरंदाजा," दादा म्हणाले. ते ताठ बसले होते, दोन्ही हात मांडीवर. "नेम धरून मार. बाजूने नको."

"आणि लागला तर?"

"तर लागला. ढालाईत तुला दोष देणार नाही."

"ढालाईताने नाही दिला म्हणजे झालं?" धाकटा म्हणाला, आणि या वाक्यात तिरंदाज किती होता ते कुणालाच मोजता आलं नसतं.

"राक्षसावर," तो भावजयीला म्हणाला. "सरळ राक्षसावर. मधोमध." आणि त्याने वीस बाजूंचा फासा ताटलीत टाकला.

बारा हवे होते. फासा दोनदा ताटलीच्या कडेला आपटला आणि सातावर बसला.

लिफ्टवाला खुर्चीत सरळ झाला. भावजयीचा हात सवयीने आडोशाकडे गेला, पण आडोशामागे करण्यासारखं काही नव्हतं. "टाक," दादा म्हणाले. धाकट्याने सहाचा फासा उचलला. तो त्याने टाकला असं म्हणण्यापेक्षा तो त्याच्या हातातून पडला म्हणणं बरं.

दोन.

"बाण मानेत," भावजय म्हणाली. आता तिला खरंच मोजावं लागत होतं. "घाव पाचाचा. जीव तीन होता."

दादांनी आपला कागद ओढला, खोडरबर घेतला आणि तिनाचा आकडा पुसला, एका दिशेने, कागद चुरगळू न देता. पुसल्यावर रबराचा भुगा फुंकला. तिथे शून्य लिहायचं होतं. पेन्सिल कागदावर टेकली. तिला वाटलं, आता तरी या माणसाला बरं वाटेल. जे येणं होतं ते आलं, सगळ्यांसमोर, तपासलेल्या फाशावर, मुभेच्या आत. दादांच्या तोंडावर खरंच काहीतरी सैल झालंही होतं, थोडकंच.

तेवढ्यात धाकटा उठला. टेबलाला वळसा घालून तो दादांच्या खुर्चीपाशी आला, आणि भाऊ खरंच घायाळ होऊन पडला असावा तसा त्याच्यावर वाकला.

"दादा," तो म्हणाला, "फार लागलं का?"

सहा वर्षांत हा शब्द या घरात त्याने उच्चारला नव्हता. ढालाईत तर नुकताच मेला होता. त्याच्या वतीने उत्तर द्यायला कुणी उरलं नव्हतं. लिफ्टवाल्याने जादूगार बेशुद्ध असल्याचा फायदा घेऊन डोळे मिटले.

दादांनी वर पाहिलं. भावाच्या तोंडाकडे, बऱ्याच वेळाने, जवळून. पेन्सिल त्यांनी कागदावर आडवी ठेवली, शून्य न लिहिताच. मग ते उठले. भाऊ वाट सोडीना, तेव्हा त्यांनी सहा वर्षांत पहिल्यांदा त्याच्या दंडाला हात लावून त्याला हलकेच बाजूला केलं, चपला पायात सरकवल्या आणि एक शब्द न बोलता दाराबाहेर गेले.